मुरमाच्या खाणीची तपासणी : कोन, भेग आणि विहीर

खाण पाहायला माणसं बहुधा उन्हाळ्यात जातात. वाट कोरडी असते, डंपरची ये-जा चालू असते, मुरमाचा कापलेला कडा ताठ उभा असतो. पाहणारा ‘कडा पक्का आहे’ असं वहीत लिहून खाली उतरतो. तोच कडा जुलैत रस्त्यावर आला की दोष पावसाला दिला जातो. पाऊस दरवर्षी येणारच असतो. तपासणीत त्याला कुणी धरलेलं नसतं, एवढंच. शिवाय कड्याची तपासणी इंजिनिअरने करायची आणि विहिरींची भूजलवाल्याने, अशी सरकारी वाटणी असते. ती मला पटत नाही. कडा ढासळवणारं पाणी आणि विहिरीतून नाहीसं होणारं पाणी पुष्कळदा एकाच थरातून वाहत असतं. म्हणून पुढची कामं एकाच गटाने, एकाच वहीत करावीत.

ही कृती महाराष्ट्रातल्या बेसाल्टच्या डोंगरउतारासाठी आहे : वर मुरूम, खाली काळा पाषाण. नदीपात्रातल्या वाळू-गोट्यांच्या उपशाला ती जशीच्या तशी लागू होणार नाही. साहित्य फारसं लागत नाही. ५० मीटरचा टेप, शाळेतला कोनमापक, ओळंबा, होकायंत्र, लाकडी खुंट्या, खिळे, एक लिटरच्या पारदर्शक बाटल्या आणि फोटो काढायला मोबाइल पुरे. दोन दिवस डंपी लेव्हल चालवणारा सर्व्हेअर मिळाला तर अर्धी लढाई जिंकली.

१. आधी कागद

खाणपट्ट्याचा मंजुरी आदेश, मोजणीचा नकाशा, खाणकाम आराखडा आणि पर्यावरण मंजुरीच्या अटी मिळवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार विरुद्ध हरयाणा राज्य या प्रकरणानंतर पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज खाणपट्टेही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आले, त्यामुळे ‘आमची खाण लहान आहे’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. सगळं वाचत बसायची गरज नाही. हद्दीचे कोपरे, मंजूर खोली, पायऱ्यांची उंची-रुंदी आणि खाणीतलं पाणी कुठे सोडायचं ठरलंय, या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. गूगल अर्थवर त्याच जागेची जुन्या वर्षांची चित्रं पाहिली की खाण कोणत्या बाजूला सरकत गेली तेही कळतं.

जाता जाता एक हिशोब करून ठेवा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. खड्डा ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि सरासरी ६ मीटर खोल असेल तर १४,४०० घनमीटर, म्हणजे जवळपास ५,१०० ब्रास माल निघाला. परवान्यावर किती आहे ते पाहा. खोली मंजुरीपेक्षा जास्त गेली असेल तर कड्याची उंचीही आराखड्यापेक्षा वाढलेली असते आणि पुढची सगळी गणितं बदलतात.

२. आत जाण्याआधी

परवानगीशिवाय खाणीत उतरू नका. बरंचसं काम समोरच्या बांधावरून होतं. आत गेलात तर डोक्यावर हेल्मेट हवं, बरोबर दुसरा माणूस हवा आणि कड्यापासून निदान कड्याच्या उंचीइतकं अंतर हवं. सुरुंग उडवण्याची वेळ आधी विचारून घ्या आणि त्या वेळी ५०० मीटरच्या आत थांबू नका. मोठा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी खाली उतरायचं नाही. मुरमातलं पाणी सावकाश उतरतं आणि कडे पाऊस थांबल्यानंतरही पडतात.

३. थर वाचा

समोर उभं राहून कड्याचं चित्र काढा. फोटो तर काढाच, पण हाताने काढा, कारण काढताना डोळा थांबतो. सगळ्यात वर काळी किंवा तांबूस माती. तिच्याखाली मुरूम, म्हणजे कुजलेला बेसाल्ट. त्यात अर्धवट कुजलेले गोल गोटे अडकलेले दिसतात. मग बारीक छिद्रांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक. त्याखाली काळा पाषाण, ज्याची खडी होते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी विटकरी रंगाचा चिकणमातीचा पट्टा असतो, काही सेंटिमीटरपासून मीटरभर जाडीचा. हा तांबडा थर सापडला तर बाकीचं बाजूला ठेवून त्याच्याकडे जा.

तो पाण्याला सहज खाली जाऊ देत नाही. वरच्या फटींतून उतरलेलं पाणी त्याच्या माथ्यावर थबकतं आणि आडवं चालू लागतं. म्हणून झरे बहुधा याच रेषेवर फुटतात, आणि खाणीच्या कड्यात ओलीची काळी रेघ, शेवाळ किंवा हिरव्या गवताचा पट्टाही याच उंचीला दिसतो. मे महिन्यात ओल दिसली तर ती रेघ मोजून ठेवा : तळापासून किती मीटरवर, किती लांब, नुसती ओल आहे की थेंब गळतोय. सातव्या कामात हीच रेघ उपयोगी पडेल.

तांबड्या थरामुळे कडा कसा पडतो, याबद्दल मात्र घाईने लिहू नका. देशावर बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे आहेत, त्यामुळे वरचा खडक त्या थरावरून सरळ घसरत येण्याची भीती कमी. तिथे वेगळं घडतं. तांबडा थर भिजतो, वाळतो, भुगा होऊन गळतो आणि वरच्या पाषाणाखाली खोबण पडते. मग आधार गेलेली शिळा तुटून येते. पनवेलच्या परिसरात थर पश्चिमेकडे कललेले आहेत. तिथे पश्चिमेला तोंड असलेला कडा कापला तर घसरण्याचा धोका खरोखरचा आहे.

पाषाणातले सांधेही पाहा. बेसाल्ट थंड होताना उभे तडकतो, आणि अशा उभ्या खांबांचा पुढचा खांब पुढे झुकून पडू शकतो. तिरपा सांधा दिसला तर त्याचा उतार कोनमापकाने आणि दिशा होकायंत्राने नोंदवा. सांधा खाणीकडे उतरत असेल, कड्यापेक्षा कमी उभा असेल आणि तरी ३०-३५ अंशांहून जास्त असेल, तर त्या जागेवर तांबड्या शाईने खूण करा. सांधा डोंगराच्या आत उतरत असेल तर सहसा चिंता नाही.

४. उंची आणि कोन

कोनमापकाच्या मध्यबिंदूला ओळंब्याचा दोरा बांधला की कोन मोजायचं साधन तयार. सपाट जागेवर कड्यापासून ३० मीटरवर उभं राहा, सरळ कडेने माथ्याकडे पाहा आणि दोरा ९० च्या खुणेपासून किती अंश सरकला ते वाचा. ३५ अंश आला तर ३० ला ०.७० ने गुणा, २१ आले. त्यात डोळ्यांची उंची दीड मीटर मिळवा. कडा साडेबावीस मीटर.

आता नियम. १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्सप्रमाणे मुरूम, माती, गोटे अशा सैल जमिनीत बाजू ४५ अंशांपेक्षा उभी ठेवायची नाही. नाहीतर पायऱ्या करायच्या, पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. वेगळं काही करायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते. कडेपासून तीन मीटरच्या आत झाड, सुटा दगड किंवा राडारोडा ठेवायचा नाही आणि कडा खालून पोखरायचा नाही, हेही त्याच नियमांत आहे.

दीड मीटरच्या पायऱ्यांची मुरूम-खाण मी क्वचितच पाहिली आहे. पोकलेनचा हात सहा-सात मीटर वर पोचतो, म्हणून कडाही तेवढा होतो. यंत्राचा आवाका हाच तिथला नियम. तपासणीत ‘पायऱ्या नाहीत’ एवढंच लिहू नका. ‘मुरमाचा एकसंध कडा ७ मीटर, कोन ७५ अंश, नियमाप्रमाणे दीड मीटरची पायरी किंवा ४५ अंश’ असं लिहा. विशेषणाला उत्तर देता येतं, आकड्याला देताना अडचण होते.

५. माथ्यावर चढा

बहुतेक पाहण्या खड्ड्याच्या तळाशी संपतात, आणि खरी बातमी वर असते. विशेषतः मुरूम डोंगराच्या पायथ्यातून काढला असेल तर. डंपरला पायथा सोयीचा, रस्ता जवळ. पण उताराचा भार पायथाच पेलत असतो. तो काढला की वरची जमीन सावकाश खाली सरकू लागते आणि तिची पहिली खूण माथ्यावर, कडेपासून बरीच मागे उमटते. म्हणून कड्याच्या उंचीइतकं तरी अंतर मागे जाऊन, कडेला समांतर चालत, जमीन पाहत या.

काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतातच. त्या जाळीसारख्या, सगळीकडे पसरलेल्या असतात आणि पहिल्या पावसात मिटतात. धोक्याची भेग एकटी असते, कडेला समांतर किंवा कमानीसारखी वळलेली, आणि तिची खाणीकडची बाजू बोटभर तरी खचलेली असते. दोन्ही बाजूंवर हात ठेवून पाहा. ती पावसात मिटत नाही, उलट पाणी पिते. तारेच्या कुंपणाचे वाकलेले खांब, ताण येऊन तडकलेली पाइपलाइन, एकाच बाजूला कललेली झाडं, खाली कड्याच्या पायथ्याशी फुगलेली माती याही खुणा टिपा.

भेग सापडली की तिच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येकी अर्ध्या मीटरवर, खुंट्या खोल ठोका. खुंट्यांच्या डोक्यांवर खिळे मारा आणि दोन खिळ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, पावसाळ्यात रोज. एकूण किती रुंदावली यापेक्षा वाढीचा वेग काय, हे महत्त्वाचं. आठवड्याला २, २, ३ मिलिमीटर अशी वाढ असेल तर लक्ष ठेवा. २, ५, ११ अशी चढत गेली तर मोजणं थांबवा, खालचं काम बंद करवा आणि उताराखालच्या घरांना त्याच दिवशी सांगा. तज्ज्ञ येईपर्यंत थांबू नका. मोठ्या पावसात तर भेग मोजायला वर जाऊच नका.

भेगेत पाणी शिरू नये म्हणून ती चिकणमातीने ठोकून बंद करावी आणि वरून येणारं पाणी वळवावं. हा इलाज नव्हे, अवधी मिळवणं आहे.

६. पाणी धरून गणित

इथे थोडं गणित करावंच लागतं, आणि ते दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे जात नाही. चिकटपणा नसलेल्या सैल मालाचा लांबलचक उतार घ्या. त्याचा सुरक्षितता गुणांक म्हणजे मालाच्या घर्षणकोनाचा टॅन भागिले उताराच्या कोनाचा टॅन. गुणांक एकाच्या खाली गेला की माल निघाला. कायमच्या उताराला १.३ ते १.५ तरी हवा.

समजा मुरमाचा घर्षणकोन ३६ अंश आहे. त्याचा टॅन ०.७३. उतार दोनास एक, म्हणजे दोन मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ; टॅन ०.५. गुणांक सुमारे १.४५. उत्तम. आता तोच माल पूर्ण भिजला आणि आतलं पाणी उताराला समांतर वाहू लागलं, तर पाण्याच्या दाबामुळे दाण्यांवरचा परिणामी भार निम्म्याखाली जातो. घनमीटरला १९ किलोन्यूटन वजनाच्या ओल्या मालासाठी आधीचा गुणांक ०.४८ ने गुणायचा. उत्तर ०.७. कोन तोच आणि मालही तोच असताना दीडच्या जवळचा उतार एकाच्या खाली आला.

प्रत्यक्ष मुरमाला थोडा चिकटपणा असतो, म्हणून तो उन्हाळ्यात ७५ अंशांतही उभा राहतो. भिजल्यावर त्यातला बराचसा जातो. खऱ्या निर्णयासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा, कर्तन चाचणी पूर्ण भिजवूनच करायला सांगावं, आणि अहवालात कोरडा व ओला असे दोन्ही गुणांक मागावेत. फक्त एकच आकडा देणारा अहवाल परत पाठवावा. टाकलेल्या मातीच्या ढिगांनाही हेच लागू आहे. सैल ढीग स्वतःच्या ३५-३६ अंशांच्या कोनात उभा दिसतो, म्हणजे कोरडेपणीच त्याचा गुणांक कसाबसा एक असतो.

माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या दुर्घटना खाणींत घडलेल्या नाहीत, पण तारखा पाहा. तिन्ही जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, जमीन महिनाभर भिजून झाल्यावरच्या. तुमची दुसरी पाहणी जूनच्या पहिल्या सरीला नको, जुलैच्या मध्याला, सुरक्षित अंतरावरून हवी.

७. विहिरी

खाणीपासून किलोमीटरभरातल्या सगळ्या विहिरी, बोअर, झरे नकाशावर मांडा. ज्या विहिरीबद्दल तक्रार नाही, तीही. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाची एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच पाण्यापर्यंतची खोली मोजा, सकाळी मोटार चालू होण्याआधी. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे हे चार महिने चुकवू नका. पंधरवड्याला एकदा मोजता आलं तर उत्तम.

नुसती खोली मात्र काही सांगत नाही, कारण कठडे वेगवेगळ्या उंचीवर असतात. इथे सर्व्हेअर हवा. एखादा पक्का चौथरा १०० मीटर धरून सगळे कठडे, खाणीचा तळ आणि तिसऱ्या कामात मोजलेली ओलीची रेघ त्याच मापात आणा. समजा विहिरीचा कठडा ९६.२ आणि पाणी ५.८ मीटर खोल; पाण्याची पातळी ९०.४ आली. खाणीचा तळ ८४.९. अंतर २२० मीटर, फरक साडेपाच मीटर. पाण्याला खाणीकडे यायला दर चाळीस मीटरला एक मीटर उतार मिळाला.

उतार आहे म्हणून वाट आहेच असं नाही. वाट शोधायला गावातल्या जुन्या विहीर खणणाऱ्याला गाठा. किती परसांवर, म्हणजे किती खोलीवर, पाणी लागलं, कोणत्या दगडात, तांबडी माती लागली होती का, हे त्याला पाठ असतं. विहिरीच्या भिंतीत तो थर दिसतोही. थर आडवे असल्यामुळे विहिरीतली झऱ्याची पातळी आणि खाणीच्या कड्यातली ओलीची रेघ साधारण एकाच उंचीवर आली, तर खाणीने विहिरीचाच पाणीथर कापला असल्याची शक्यता बरीच वाढते. मुरमात आणि मांजऱ्या खडकात तर ती अधिकच. उलट खाण वरच्या थरात आणि विहिरीचं पाणी चार थर खाली असेल, तर आटण्याचं कारण दुसरीकडे शोधा. थर मध्येच संपू शकतात, म्हणून हे एका विहिरीवरून ठरवू नये.

आणखी एक विहीर नोंदीत हवीच : ओढ्यापलीकडची, त्याच खडकातली, खाणीशी संबंध नसलेली. पाऊस कमी झाला की सगळ्याच विहिरी उतरतात. खाणीजवळची विहीर तीन मीटर उतरली आणि पलीकडची एकच, तर दोन मीटरचं उत्तर मागता येतं. ही तुलनेची विहीर नसल्यामुळे खऱ्या तक्रारीही सुनावणीत टिकत नाहीत. खाणमालकाचं पहिलं वाक्य ‘यंदा पाऊसच कमी’ हेच असतं.

८. खाणीतला उपसा

खाणीत मोटार लावून पाणी बाहेर काढत असतील तर २०० लिटरचा बॅरल भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. २५ सेकंद लागले तर सेकंदाला ८ लिटर. रोज सहा तास मोटार चालली तर १ लाख ७२ हजार लिटर. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने हे तीन हजारांहून जास्त लोकांचं रोजचं पाणी झालं. पावसाळ्यात हे मोजण्यात अर्थ नाही, कारण त्यात आभाळाचं पाणी असतं. फेब्रुवारीनंतर मोजा. मोटार रात्रभर बंद ठेवायला लावा आणि सकाळी पातळी किती वाढली ते पाहा : २० बाय १५ मीटरच्या डबक्यात १२ सेंटिमीटर वाढ म्हणजे ३६ हजार लिटर जमिनीतून आलं. त्याच वेळी जवळच्या विहिरीची पातळीही टिपली तर दोघांचं नातं कागदावर येतं.

‘खाणीत तळं झालं, आता विहिरींना पाझर फुटेल’ असं पुष्कळदा ऐकवतात. अर्धं खरं आहे. तळ्याची पातळी सपाट असते, म्हणून त्याच्या वरच्या अंगाच्या विहिरी उतरतात आणि खालच्या अंगाच्या कधी चढतात. नोंद दोन्ही बाजूंची ठेवा.

९. ओढा आणि गाळ

खाणीच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर आहे का, आणि तो पुरेल का, हे पाहा. वरचं पाणलोट तीन हेक्टर, तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला ७० टक्के वाहून जाणार असं धरलं तर ०.७ × ५० × ३ भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला सुमारे २९० लिटर. फावड्याने ओढलेला वीतभर चर यात टिकत नाही. चर फुटला की पाणी थेट कड्यावर येतं, म्हणून ही तपासणी पाण्याची तितकीच कड्याचीही आहे.

पाऊस चालू असताना खाणीच्या वर आणि खाली, ओढ्यातून एकाच वेळी एकेक बाटली भरा. तारीख-वेळ लिहून दोन दिवस हलवू नका आणि तळाशी बसलेला गाळ मोजा. क्रशरची डस्ट असेल तर पाणी राखाडी दिसतं आणि नितळायला वेळ घेतं. पिण्याच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत पाठवताना गढूळपणाबरोबर नायट्रेटही तपासायला सांगा, कारण सुरुंगात अमोनियम नायट्रेट वापरतात. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. खतं आणि संडासांतूनही नायट्रेट येतं; वरच्या अंगाच्या विहिरीचा नमुना बरोबर नसेल तर निष्कर्ष काढू नका.

१०. कागदावर मांडणी

पानाच्या डाव्या बाजूला मोजलेलं, उजव्या बाजूला त्यावरून काढलेला अर्थ. दोन्ही मिसळू नका. प्रत्येक फोटोत माप म्हणून उभा माणूस किंवा टेप असावा, आणि पुढच्या वेळी त्याच जागेवरून काढता यावा म्हणून उभं राहायची जागा खुंटीने नोंदलेली असावी. कड्याचा भाग खाण सुरक्षा महासंचालनालयाला, हद्द-खोलीचा तहसीलदार व जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना, गाळ-धुळीचा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि विहिरींच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला द्यायच्या. मात्र प्रत्येक ठिकाणी अहवाल पूर्ण द्या, तुकडा नको, आणि पोच घ्या. ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद करून घ्या आणि विहिरींच्या पातळीचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. ऑक्टोबरची मोजणी झाली की त्यात नवा रकाना भरायचा.